त्या गिटारसाठी तरी ऐक, मन्या

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "कार्पेंटर्स म्हणजे लिफ्टमधलं म्युझिक", ते डोक्यातनं जातच नाहीये. तेव्हा धड उत्तर सुचलं नाही म्हणून आता लिहितोय, लांबलं तर लांबलं. होस्टेलवर पण तुझं हेच, मी त्या अमेरिकन बहीणभावाची, कॅरन आणि रिचर्ड कार्पेंटरची, कॅसेट लावली की तू बादली उचलून आंघोळीला.

तर 'अ साँग फॉर यू', त्यांचा १९७२ चा अल्बम. त्यातलं फक्त 'गुडबाय टू लव्ह' घे. रिचर्डने बिंग क्रॉस्बीच्या एका जुन्या सिनेमात हे गाण्याचं नाव नुसतं ऐकलं, गाणं त्यात वाजतच नाही, मग यानेच चाल बांधली आणि शब्द जॉन बेटिसने लिहिले. कॅरन तेव्हा २२ वर्षांची पोर, आणि आवाज बघ, खाली खर्जात उतरलेला, ओळी इतक्या लांब की बाई श्वास कुठे घेते ते शोधत बसावं लागतं. मी हेडफोन लावून शोधलंय, हसू नकोस.

आणि मग मध्येच ती गिटार. टोनी पेलुसो नावाचा पोरगा, यांच्या शोआधी वाजवणाऱ्या बँडमधला, त्याला कॅरनने स्वतः फोन करून बोलावलं. त्याने आधी बिचाऱ्याने गाण्याला शोभेल असं हळुवार काहीतरी वाजवलं तर रिचर्ड म्हणाला तसं नको, सुरुवातीला चाल धर आणि मग सुट. सुटला तो! फझ (आवाज मुद्दाम फाटका करायचं यंत्र) लावलेली, करवतीसारखी खरखरीत गिटार, आणि शेवटी तर मागे आ-आ करणारा अख्खा कोरस (तो पण या दोघांचाच, आवाजावर आवाज चढवून केलेला) आणि त्याच्या डोक्यावरून ही किंचाळत जाते.

आता गंमत. समीक्षक आधीपासून यांना गुळचट म्हणून नाकं मुरडत होतेच, त्यात पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सनने व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं म्हणजे तर संपलंच, सरकारमान्य सज्जन. पण या गाण्यावर त्यांचे स्वतःचेच फॅन चिडले, तुम्ही हार्ड रॉकवाले झालात, विकले गेलात अशी शिव्यांची पत्रं आली. इकडे आड तिकडे विहीर. तरी गाणं अमेरिकेत ७ नंबरला आणि अल्बम ४ नंबरला गेलाच.

सगळं भारी आहे असं नाही हं. 'पियानो पिकर' रिचर्ड गातो, ते तू खुशाल पुढे ढकल.

आणि 'टॉप ऑफ द वर्ल्ड'! काखेत कळसा नि गावाला वळसा. यांना ते अल्बमपुरतंच वाटलं होतं, सिंगल म्हणून वेगळं काढलंच नाही, मग लिन अँडरसन या कंट्री गायिकेने गायलं आणि कंट्री चार्टवर २ नंबरला नेलं, तेव्हा कुठे यांचे डोळे उघडले. कॅरनने परत गाऊन घेतलं आणि डिसेंबर १९७३ मध्ये थेट १ नंबर.

कॅरन १९८३ मध्ये गेली, ३२ व्या वर्षी, अॅनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढेल या भीतीने उपाशी राहायच्या आजाराने, हृदय खचलं होतं. त्यामुळे आता लोक तिचं प्रत्येक गाणं डोळे पुसत ऐकतात. मला ते पटत नाही रे, कारण या अल्बममध्ये चक्क पोरकटपणा आहे. 'गुडबाय टू लव्ह'ची ती गिटार विरते ना विरते तोच चर्चमधल्यासारखा गंभीर कोरस सुरू होतो, आपण सावरून बसतो, आणि ते काय गातायत तर आम्ही जरा बाथरूमला जाऊन येतो! तिथे एलपीची पहिली बाजू संपते.

म्हणजे तू बादली घेऊन जायचास ते बरोब्बर जागेवरच जायचास, फक्त ५ गाणी लवकर.

गणपतीत येतोयस ना? स्पीकर मी आणतो.

तुझाच,
पक्या