भर दुपारचा सारंग

गिरगाव, मुंबई
सोमवार, 1 जून 2026

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू खो खो हसलास. "मे महिन्यात, सकाळी अकराला, एसी नसलेल्या हॉलमध्ये गाणं? कोण येणार रे मरायला?" तुझ्याकडे पाहुणे होते, मागे कुकर ओरडत होता, तेव्हा म्हटलं आत्ता वाद नको, निवांत पत्रच लिहू. तर ऐक. माणसं येतायत. कालच्या रविवारी मागच्या सतरंज्या कमी पडल्या आणि लग्नाच्या पंगतीतल्या खुर्च्या काढाव्या लागल्या.

हे जमलं कसं, ते आधी सांगतो, कारण त्यात आमची अक्कल कमी आणि पंचांग जास्त आहे. मंडळाचा हॉल तुला आठवतोच. वर लाकडी गॅलरी, खाली शहाबादी फरशी, भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या. तो चालतो लग्न-मुंजींच्या भाड्यावर. एरवी मे महिन्यात तिथे एक दिवस रिकामा मिळत नाही आणि मिळाला तरी आदल्या दिवशीच्या मठ्ठ्याचा वास मिळतो. पण यंदा अधिक ज्येष्ठ आला. 17 मे ते 15 जून. महिनाभर मुहूर्त नाही, म्हणजे बुकिंग नाही, म्हणजे हॉल कुलपात. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी कालनिर्णयाचं पान उलटून म्हणालं, यात पाच रविवार बसतात. पुढचं आपोआप झालं असं म्हणणार होतो, पण तसं काही झालं नाही. वेळेवरून दोन बैठका भांडलो.

खजिनदारांचं म्हणणं, कार्यक्रम संध्याकाळी सहाला ठेवा, जगरहाटी तीच आहे. मी आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई हटून बसलो की दिवसाच ठेवायचा. त्यामागचं कारण तुला तरी पटवून द्यावं लागू नये. तू इतकी वर्षं तबला वाजवलास, सांग बरं, मैफिलीत समोर बसून सारंगासारखा दुपारचा राग शेवटचा कधी ऐकलास? गौड सारंग? मुलतानी? रेकॉर्डवर, आकाशवाणीवर, ठीक आहे. पण समोर बसून?

मुंबईतली मैफल संध्याकाळी सहा-साडेसहाला लागते आणि दहाच्या आत आवरते. उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम 2000 सालापासून आहे. बंद सभागृहाला तो तसा लागू नाही, पण तिथे वॉचमन आणि शेवटची लोकल यांचा नियम त्याहून कडक. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी रात्रभर चालायचा. आता रात्रीच्या उत्तरार्धातले राग गेले, सकाळचे कधीमधी दिवाळी पहाटेला भेटतात आणि दुपारचे तर कोणाच्या खिजगणतीतच नाहीत. उरलं काय? मारवा, पूरिया कल्याण, यमन, बागेश्री आणि वेळ झालेली नसली तरी भैरवी. गवय्यांना दोष नाही. ज्या वेळेला बोलावतात त्या वेळेचं ते गातात.

आणि उन्हाळ्याची तर आपल्या संगीतात आबाळच आहे. कुमार गंधर्वांनी ऋतूंचे कार्यक्रम केले ते गीत वर्षा, गीत हेमंत, गीत वसंत. जुन्या रागमालेत सहा ऋतूंना सहा राग वाटून दिलेत, त्यात ग्रीष्माच्या वाट्याला दीपक आला आणि नेमका तोच कोणी गाताना दिसत नाही. म्हणजे उन्हाळ्याने जायचं कुठे? माझं मत विचारशील तर सारंगाकडे. शास्त्रात सारंग मध्यान्हीचा, त्याला ऋतूचं बंधन नाही, कबूल. पण मध्यान्ह म्हणजे काय हे अंगाला कळतं ते मे महिन्यातच. डिसेंबरातली दुपारही काय दुपार असते?

पहिल्या रविवारी एक तरुण गायिका होत्या, दादरहून आलेल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, तू आलास की त्यांच्याच तोंडून ऐक. अकराला स्वर लावायला बसल्या ते साडेअकरापर्यंत तंबोरेच जुळवत होत्या. लोकांना वाटलं उशीर होतोय. मला मात्र तोच भाग सगळ्यात आवडला. मागे बसलेली शिष्या, असेल सतरा-अठराची, तारा टेकतात त्या घोडीवरचा दोरा नखाने केसभर पुढे सारायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा मागे घ्यायची. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार काही केल्या बोलेना. खुंटी पिळली की सरकतेय. मग तिने खडूचा तुकडा मागितला, खुंटीला फासला, तारेतला सूर जुळवायचा मणी जरा खाली ओढला आणि एकदम ती तार अशी उघडली की पंख्यांचा आवाज कानातून गेलाच. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी "वा" म्हटलं. गाणं अजून सुरू व्हायचं होतं.

तबल्याचं सांगतो, तुझा विषय. साथीला आपल्या जुन्या वर्गातलाच एक जण होता. काळी चार पट्टीत तबला मिळवून आणलेला, पण इथे येईपर्यंत पुडी, म्हणजे वरचं कातडं, ढिली पडून अर्ध्या सुराने खाली. म्हणाला, एसी हॉलमध्ये वाजवताना तबला चढत जातो, तिथे खालून ठोकून उतरवावा लागतो. गिरगावात मे महिन्यात सगळं उलटं. वाद्यांखालचे लाकडी गट्टे खाली ठोकून ठोकून त्याने तो वर आणला आणि विलंबितात दर काही आवर्तनांनी हातोडी फिरवत राहिला. मध्येच गायिकाबाईंनी एक तान अर्धी सोडून त्याच्याकडे बघितलं, त्याने एक ठोका घातला, त्यांनी तान पुरी केली. हे माइकवरच्या बंदोबस्तातल्या गाण्यात दिसत नाही रे.

त्या वृंदावनी सारंग गायल्या. घड्याळात बाराला पाच कमी. रागांचं शास्त्र मांडणारे भातखंडे हिशेब घालून गेलेत की दुपारी बारानंतर वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, जातो, तर वृंदावनीचा वादी रिषभ. बरं, हे भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. ही वेळेची गणितं वकिलालाच सुचायची असं मला कायम वाटत आलंय. पण त्या दिवशी गणित विसरायला झालं. गंधार नाही, धैवत नाही, त्यामुळे रिषभावरून मध्यमावर जाताना जी मोकळी जागा राहते ती बाई भरत नव्हत्या. तिथेच थांबत होत्या. बाहेर उन्हात एक चिटपाखरू नाही, समोरच्या चाळीच्या गॅलरीत कुरडयांची वाळवणं घातलेली आणि त्या वाळवणांशेजारी दोन बायका आडोशाला बसून ऐकतायत, एकीच्या हातात विणकाम. चढताना शुद्ध निषाद लागला की तिची सुई थांबायची, उतरताना कोमल आला की पुन्हा चालू. योगायोग असेल. मी बघत बसलो होतो खरा.

दुसऱ्या रविवारी सतार होती, चारला. भीमपलासीपासून सुरुवात आणि ऊन कललं तशी मुलतानी. त्यावर फार लिहीत नाही, वादन चांगलं होतं पण शेवटचा तो द्रुत 'झाला' जरा जास्तच लांबला, आणि लोक झाल्यालाच टाळ्या देतात म्हणून वादकही तो लांबवतात. मुलतानी मात्र जपून वाजवला. कोमल रिषभ-धैवत नुसते उतरताना स्पर्शून जाणारे. बाहेर पडलो तेव्हा चौपाटीकडून वारा सुटला होता.

कालचा दिवस मुलांचा. गल्लीतल्या वर्गातली पोरं, कोणी छोटा ख्याल, कोणी नाट्यपद. एका पोराची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली, त्याने जीभ चावली आणि पुढच्या आवर्तनात अशी झोकात पकडली की हॉल डोक्यावर घेतला. पालक व्हिडिओ काढण्यात दंग, ते असायचंच.

एका गोष्टीचा मला फार अभिमान आहे, ती म्हणजे सत्कार नाहीत. मागच्या हिवाळ्यात एका मोठ्या सभागृहात तिकीट काढून गेलो होतो. दीपप्रज्वलन, शाली, श्रीफळं, प्रायोजकांचे दोन शब्द (त्यांना दोन कधी म्हणायचे?) आणि मग बुजुर्ग गवयाला निवेदिका कानात सांगते, पंडितजी, चाळीस मिनिटं. त्या माणसाने आयुष्य घातलं ते चाळीस मिनिटांसाठी? आपल्याकडे सूत्रसंचालन असं नाहीच. मास्तरीणबाई उठतात, कलाकाराचं आणि साथीदारांचं नाव सांगतात, मोबाइल बंद करा म्हणतात आणि बसतात.

पैशांचं विचारशील. प्रवेश मोफत, दाराशी पेटी. कलाकारांना पाकीट जातं ते पेटीतून आणि थोडं मंडळाच्या खात्यातून. बाजारभावाने ते कमीच आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे, आम्हालाही. खजिनदार दर बैठकीत विष्णु दिगंबर पलुस्करांचं उदाहरण देतात. 1901 च्या मे महिन्यातच त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाश्रय न घेता, लोकांच्या पैशांवर. 1908 साली मुंबईत आले, मोठी इमारत उभारली आणि ती कर्जापायी लिलावात गेली. खजिनदारांच्या लेखी तात्पर्य काय, तर कर्ज काढू नका. मी म्हणतो, अहो, इमारत गेली पण इकडे त्यांच्या शिष्याने, देवधरांनी, 1925 ला ऑपेरा हाउसपाशी शाळा काढली आणि तिथे कुमार गंधर्व तयार झाले, तेही जमाखर्चात धरा की. ते चष्मा पुसतात. पंखे मात्र दोन नवे घेतलेत, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवं.

मध्यंतरात पन्हं असतं. वेलची जास्त, केशर नावाला. वडा ठेवायचा का यावर चर्चा झाली आणि भर दुपारी तळणीच्या वासात सारंग नको असं ठरलं. या ठरावाला माझा विरोध नोंदवलेला आहे.

आता मुद्द्याचं. राहिले दोन रविवार. येत्या 7 तारखेला बासरी आहे. 14 तारखेला पुन्हा त्याच गायिका, अकराला. त्यांनी एक गंमत ठेवलीय. मध्यमाद सारंग आणि मेघ यांचे सूर तेच पाच, सा रे म प आणि कोमल नी. फरक सगळा वागण्यात. सारंगाचे सूर सरळ उभे राहतात, मेघात तेच मिंडेने, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, ओढले जातात, रिषभ जडशीळ होऊन डोलतो. त्या म्हणाल्या, तोवर पाऊस आला असेल तर मेघ, नसला तर मध्यमाद. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून, पण गेल्या वर्षी तो 26 मेलाच येऊन धडकला होता, तेव्हा काही सांगता येत नाही. चाळीत पैजा लागल्यात. मी मध्यमादवर आहे, कारण मेघ काय, तो जुलैत कुठेही ऐकायला मिळेल. खिडक्या लावाव्या लागल्या तर हॉलची भट्टी होईल हेही आहेच.

तू ये. तुझी सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून, आणि अधिक महिना, म्हणजे जावई म्हणून तेहतीस अनरसे तुझी वाट बघतायत. सासूबाई परवा बाजारात भेटल्या तेव्हा तांदूळ भिजत घातल्याचं म्हणाल्या. त्यांना नाही म्हणायची तुझी टाप नाही, मला ठाऊक आहे.

आणि येताना ती मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी घेऊन ये. नाशकात कपाटावर गवसणीत पडून आहे ना? मंडळाचा एक तंबोरा चांगला आहे, दुसऱ्याच्या भोपळ्याला तडा गेलाय आणि त्याच्या जागी आम्ही पेटीतला इलेक्ट्रॉनिक लावतो. तो सुरात असतो, पण त्याला जवारी, तारेची ती गुंजणारी झाक, कुठली? गायिकाबाईंना मी शब्द दिलेला नाही, "बघतो" एवढंच म्हटलंय. तारा अर्धा-एक सूर उतरवून घे, घोडीखाली कापडाची घडी सार आणि भोपळ्याला गोधडी गुंडाळ. पंचवटीने आलास तर सीएसएमटीला पोचायलाच पावणेअकरा होतात, म्हणून रविवारी नको, शनिवारीच नीघ. स्टेशनवरून आता मेट्रो तीन आहे, काळबादेवी गेलं की लगेच गिरगाव, पण तंबोरे घेऊन जिन्यांच्या आणि तपासणीच्या भानगडीत पडू नकोस. टॅक्सी कर, भाडं मी देतो. ड्रायव्हर मीटर टाकायला कुरकुर करेल, तर मला फोन लाव.

तबल्याची जोडी आणायची की नाही, ते तुझं तू ठरव. हातोडी मात्र आण, इथल्या हातोडीचा दांडा हलतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कोणती गाडी ते गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे गॅलरीतली गादी उन्हात टाकून ठेवतो.

तुझा,
नाना