बागा लावा आणि त्यांची फळं खा

चि. रूथ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, दोन वर्षांचा तर करार. भाड्याच्या घरात कुंड्या कशाला भरू?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढून बसलो.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेचा राजा, सरदार, कारागीर, लोहार सगळे उचलून बाबेलला नेले. मागे राहिलेल्यांत हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगू लागला, की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयाने मात्र तिकडे पत्र धाडलं: घरं बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परतीला सत्तर वर्षं लागतील.

हे पत्र मी कितीदा वाचलं असेल, पण त्यातल्या बागेपाशी कधी थांबलो नव्हतो. या लोकांच्या नियमशास्त्रात, लेवीयात, कनान देशातल्या झाडांसाठी एक नियम आहे: नव्या झाडाचं फळ तीन वर्षं खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाचं, पाचव्या वर्षी तुमचं. अशा माणसांना "फळं खा" म्हणणं म्हणजे दोन वर्षांचा हिशोब सोडा म्हणणंच. कडू बातमी त्याने झाडाच्या भाषेत सांगितली, आणि त्यातच आधारही दिला. परकी माती असली तरी तिच्यात मूळ धरतं.

बागेला हिब्रूत 'गन' म्हणतात. राखणं, आडोसा देणं या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला आहे. म्हणजे फुलांच्याही आधी कुंपण आलं. रानात झाडं आपोआप वाढतात. बागेला राखणारा लागतो. एदेन, म्हणजे देवाने लावलेली पहिली बाग, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आयतं सुख येतं. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्हीही तेच चित्र रंगवायचो. पण उत्पत्ती या पुस्तकाचा दुसरा अध्याय नीट वाच. पाप अजून घडलेलं नाही, शाप अजून उच्चारलेला नाही, तरीही देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. म्हणजे काम ही शिक्षा नव्हती. मशागतीसाठी जे क्रियापद आहे, तेच पुढे देवाची सेवा करणं या अर्थाने येतं. राखणीचं क्रियापद तर तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी पुन्हा भेटतं: माणूस बाहेर गेला आणि जीवनाच्या झाडाकडे जाणारी वाट राखायला करूब, म्हणजे देवाचे दूत, आले. जे काम माणसाचं होतं ते दुसऱ्याच्या हाती गेलं. माझ्या मते बाग गमावण्याचं खरं दुःख तिथे आहे.

आता पाणी. तुझे आजोबा उसाला रात्री दारं धरायचे, ते तुला आठवतं ना? पायाने माती सारायची, एक वाफा भरला की दुसरा फोडायचा. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मोशे लोकांना सांगतो, की मिसरात (इजिप्तमध्ये) तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी देत होता; आता ज्या देशात चालला आहात तो डोंगर-खोऱ्यांचा आहे, आकाशातल्या पावसाचं पाणी पितो. 'पायाने' म्हणजे पाटाचं दारं धरणंच असणार, असं मला तरी वाटतं.

हाच 'भाजीचा मळा', गन याराक, पुढे इस्राएलच्या अहाब राजाच्या तोंडी येतो. इज्रेलातला नाबोथाचा द्राक्षमळा त्याला हवा असतो, वाड्याला लागून आहे म्हणून, भाजी लावायला! बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे, म्हणतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. वतन म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडून राहतो, जेवत नाही. मग त्याची राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथाला दगडमार होतो. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वेली उपटायच्या, आणि त्या जागी हंगामाची भाजी! ही गोष्ट वाचताना मला दरवेळी राग येतो.

गीतरत्न या पुस्तकातली कुलूपबंद बाग तू स्वतः वाच, मी त्यावर लिहिणार नाही. एवढंच बघ, की तिथे डाळिंब, मेंदी आणि केशर यांच्याबरोबर जटामांसीही आहे. ती आपल्या हिमालयातली. तिचं हिब्रू नाव 'नेर्द' संस्कृत 'नलद'शी जुळतं.

यशयाच्या ५८व्या अध्यायावर मी पेन्सिलने खूण केली आहे. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, बेघराला घरी आण, मग तू भरपूर पाणी दिलेल्या बागेसारखी होशील. तिथे आधी भाकर आहे, मग बाग.

बाल्कनीत कुठल्या बाजूने ऊन येतं ते कळव. मेथी पेर, तीन-चार आठवड्यांत खुडायला येईल. पण एका कुंडीत लिंबाची बी टाक. थंडी पडली की ती कुंडी आत घे.

तुझा,
पप्पा