‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर आम्हाला चालणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नेरूळला राहते, ३१ वर्षं विमा क्षेत्रात नोकरी करून आता रिटायर झालेय. परवा विधानसभेच्या वेबसाईटवरून एका तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं अशा प्रश्नाचं, उत्तर डाउनलोड केलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. प्रश्न आमच्याच भागातल्या एका नाल्याच्या रखडलेल्या कामाचा होता. विचारणाऱ्या सदस्यानं नेहमीच्या पद्धतीनं विचारलेलं, की काम रखडले आहे हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आणि उत्तर काय, तर (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

संपला विषय. दोन ओळी.

तो नाला माझ्या बाल्कनीतून दिसतो हो. अर्धवट भिंतीतून बाहेर आलेल्या सळया गंजून लाल झाल्यात, आणि मागच्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं तेव्हा भरलेला गॅस सिलेंडर आडवा होऊन तरंगायला लागला होता, आम्ही चौघींनी धरून तो जिन्यात आणून ठेवला. त्या काकूंना मी ती प्रिंट दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, घडी घालून परत दिली, आणि काही बोलल्याच नाहीत. मला तेच जास्त लागलं.

आता कोणी म्हणेल मंत्री काय नाल्यावर येऊन बघणार का, उत्तर खालून अधिकारी लिहून पाठवतात. मान्य. पण सही मंत्र्याची असते, सभागृहाला जबाबदार मंत्री असतो, घटनेतच लिहिलंय तसं. आणि म्हणूनच तारांकित प्रश्नाला उपप्रश्न विचारायची सोय आहे ना. छापील उत्तर आधी हातात आलेलं असतं, सदस्यानं उभं राहून विचारायचं की महोदय, खरं नाही म्हणता तर काम कोणत्या तारखेला पूर्ण झालं ते सांगा, बिल कोणाला दिलं ते सांगा. खरी परीक्षा तिथे असते, कारण तिथे मंत्र्याला कागद वाचून सुटता येत नाही. आमचा प्रश्न मात्र पुकारलाच गेला नाही, तोवर प्रश्नोत्तराचा तास संपला, उत्तर नुसतं लेखी पटलावर ठेवलं गेलं. तो तास संपतो कशात तर गोंधळात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, ११ ते १२ असा एकच तास, त्यात अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, त्या हौद्यात, घोषणा सुरू झाल्या की कामकाज तहकूब, आणि अशा वेळी सगळ्यात जास्त सुटका कोणाची होते तर ज्याला उत्तर द्यायचं होतं त्या मंत्र्याची. हे विरोधी पक्षातल्या लोकांना कळत नसेल असं मला वाटत नाही, मग करतात का, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

मी विम्यातली, म्हणून मला मुंद्रा प्रकरण कायम आठवतं. एलआयसी १९५६ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पॉलिसीधारकांचे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंद्रा नावाच्या माणसाच्या सहा कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले गेले, गुंतवणूक समितीला न विचारता. हे लोकसभेत कोणी काढलं तर फिरोझ गांधींनी. रायबरेलीचे खासदार, सत्ताधारी काँग्रेसचे, वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. त्यांनी डिसेंबर १९५७ मध्ये आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना, टी. टी. कृष्णम्माचारींना, आकडे आणि कागद समोर ठेवून धारेवर धरलं. मग आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली, तीही उघड, लोकांसमोर, महिन्याभरात अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांचा राजीनामा. एक सभासद, नीट केलेला अभ्यास, आणि सोडायचं नाही हा निश्चय, एवढ्यावर झालं हे. त्यात त्यांचं स्वतःचं घरातलं काय झालं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करते.

आज सत्ताधारी आमदाराला विचारलं तर सांगतात, ताई, पक्षाची शिस्त असते. अहो पण व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मतदानाला असतो! १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा आहे तो पक्षाविरुद्ध मत देण्याबद्दल आणि पक्ष सोडण्याबद्दल आहे, उपप्रश्न विचारला म्हणून कोणाची आमदारकी जात नाही. तिकीट जाईल ही भीती असते, ती वेगळी गोष्ट, पण मग तसं सांगा.

आणि आपल्याकडे परंपरा नव्हती असंही नाही. नवी मुंबईतले अर्धेअधिक लोक कोकणातले, त्यांना बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते सांगायला नकोत, दोघंही राजापूरचे खासदार. दंडवते तर दोन्ही बाजूंना उभे राहिले, आयुष्यभर प्रश्न विचारले आणि रेल्वेमंत्री, अर्थमंत्री झाल्यावर उत्तरंही दिली. आपल्या ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी, १९७७ पासून १९८२ ला जाईपर्यंत, ते आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांसमोर ठेवायचे. पक्ष कुठला ते मी बघत नाही, माझ्या घरात तीन पक्षांचे मतदार आहेत. पण सभागृहात मी काय केलं हे न मागता लोकांना सांगणारा माणूस आपल्या ठाण्यात होऊन गेला. आता बॅनर लागतात वाढदिवसाचे, हळदीकुंकवाचे, ओपन जिमचे, नालेसफाईचेसुद्धा, सीवूड्स स्टेशनपासून पामबीचपर्यंत बघत जा. नालेसफाई महापालिकेचं काम, त्याचं श्रेय आमदार घेतात, आणि विधानसभेत प्रश्न विचारायचं काम फक्त त्यांचं, ते किती केलं याचा एकही बॅनर मी आजवर पाहिला नाही.

चूक आमचीही आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोरोनाचं कारण देऊन संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दिवसभर भाजीवाल्यांच्या वेळा चालल्या होत्या, या विषयावर एक मेसेज नाही. मीही नव्हता टाकला. प्रचाराला उमेदवार येतात तेव्हा आम्ही पाणी आणि पार्किंग विचारतो, गेल्या अधिवेशनात तुम्ही किती दिवस सभागृहात बसलात हे कोणी विचारत नाही.

म्हणून एक विनंती. ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि लोकसभेचे ३. अधिवेशन चालू असताना आठवड्यातून एकदा, ठाणे-नवी मुंबईच्या पानावर, एक चौकट द्या. कोणत्या सदस्यानं कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांचं उत्तर जसंच्या तसं, आणि उपप्रश्न विचारला का नाही, एवढंच. तुमची टीकाटिप्पणी नको, फोटो नको. लोकसभेत मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यासाठी आश्वासन समिती असते, तर तीन महिन्यांनी त्याचं काय झालं तेही छापा. उत्तरं वेबसाईटवर असतात, पण आमच्या तळमजल्यावरच्या काकू वेबसाईट बघत नाहीत, तुमचा पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात.

त्या नाल्याचे फोटो आणि ती प्रिंट मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात नेऊन दिलीय, पोच घेतलीय. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाका असं लिहून दिलंय, सोबत २३ रहिवाशांच्या सह्या आहेत, पहिली सही काकूंची.

आपली,
एक वाचक
नेरूळ, नवी मुंबई