टँगोला हवी आठवड्याला तीन तासांची जागा

महोदय,

मुंबई-पुण्यात टँगो या अर्जेंटिनातल्या जोडीनृत्याचे वर्ग आणि ‘मिलोंगा’, म्हणजे नाचाच्या संध्याकाळी, आता नियमित होतात. रत्नागिरी-चिपळूणकडेही त्याची चौकशी सुरू झाली आहे. बहुतेकांच्या मनात बेत एकच असतो: बाहेरून शिक्षक बोलवायचा, दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आणि शेवटी रंगमंचावर एक नाच. आमचे म्हणणे असे, की हाती असलेला पैसा कार्यशाळेवर नव्हे, सरावाच्या जागेवर घालावा. रंगमंचावरचा टँगो आधी बसवलेला असतो. मिलोंगातला टँगो समोर येईल त्या जोडीदाराबरोबर, पुढच्या जोडीने सोडलेल्या जागेत, जागच्या जागी सुचत जातो. त्याला दर आठवड्याला ठरलेल्या वारी सराव लागतो. तो नसेल तर कार्यशाळेला आलेले वीस जण महिन्याभरात पांगतात.

शिकवण्यातली मोठी चूक आठ पावलांच्या ‘बेसिक’मध्ये आहे. ते पहिल्याच दिवशी घोकून घेतले जाते. त्यात नेणाऱ्याचा, म्हणजे दिशा ठरवणाऱ्या जोडीदाराचा, पाय आधी मागे पडतो. आणि मिलोंगात सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकामागून एक फिरत असतात, त्यामुळे तो थेट मागच्या जोडीच्या पायावर. पहिले चार-पाच आठवडे नुसते चालणे, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन देणे आणि थांबणे एवढेच शिकवावे. पकड एकमेकांच्या कोपरांची ठेवावी. हाताने ढकलण्याची खोड लागत नाही, छातीच्या हालचालीवरून दिशा ओळखता येऊ लागते; शिवाय मिठीसारख्या पकडीला बिचकणाऱ्या नवख्यांचा, आणि त्यांच्या घरच्यांचा, संकोचही कमी होतो. ‘ओचो’, म्हणजे वळत वळत इंग्रजी आठच्या आकारात टाकायची पावले, त्यानंतर.

ओचोत सगळे वजन एका पायाच्या चवड्यावर घेऊन वळायचे असते. रबरी तळ फरशीला धरून ठेवतो. अंग वळते, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून तळ सुएडचा (लवदार कातड्याचा) किंवा चामड्याचा हवा. महागडे बूट मागवायला नकोत, जुन्याच बुटाला मोची पातळ सुएड चिकटवून देतो. आपल्या पावसाळ्यात मात्र हेच सुएड ओल पिऊन चिकटते आणि चामड्याला बुरशी येते. बूट पिशवीतून न्यावेत, हॉलमध्येच घालावेत, घरी कपाटात न कोंडता पंख्याखाली वाळवावेत आणि सुएडवर अधूनमधून तारेचा ब्रश फिरवावा. फरशीवर टाल्कम पावडर टाकू नये: दमट हवेत ती कुठे चिकटून बसते, तर कुठे घसरगुंडी करते. तासा-तासाने कोरडे फडके मारले की पुरते. जुन्या शाळांतली झिजलेली मोझॅक फरशी यासाठी उत्तम. शहाबादीच्या सांध्यांत टाच अडकते.

जोड्यांचा प्रश्न इथे वेगळा आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. चाकरमानी मुंबईला, तेव्हा वर्गाला बायका जास्त येणार हे धरूनच चालावे. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्समध्ये, टँगो रुजला तेव्हा नेमके उलट होते. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांत पुरुषच अधिक होते आणि पुरुष पुरुषांबरोबर सराव करत. ‘पुरुषाने न्यायचे, बाईने जायचे’ हा नियम इथे लावला, तर कित्येक जणी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून राहतील आणि मग यायच्या बंद होतील. सगळ्यांना सुरुवातीपासून दोन्ही बाजू शिकवाव्यात, दर दहा-बारा मिनिटांनी जोडीदार बदलावा. हट्टाने एकमेकांबरोबरच नाचणारी जोडपी मागे पडतात, कारण एकमेकांच्या चुका सवयीने सांभाळून घेतात. (भांडणेही त्यांचीच होतात.)

संगीत ‘तांदा’च्या हिशेबाने लावतात: एकाच वाद्यवृंदाचे चार टँगो, वॉल्ट्झच्या चालीचे असतील तर तीन, मग अर्धा-एक मिनिट भलतेच काहीतरी. तेवढ्यात जोड्या बदलतात. नवख्यांना कानारो, दारिएन्सो, दि सार्ली या वाद्यवृंदप्रमुखांचे ठळक ठेक्याचे ध्वनिमुद्रण लावावे. पुग्लिएसेचे नंतरचे संगीत सहा महिने बाजूलाच बरे.

नाचायला बोलावणे नजरेने होते. लांबून पाहायचे, होकार असेल तर मान हलते, नसेल तर समोरचा नजर वळवतो. सगळेच एकमेकांच्या ओळखीचे असतात अशा गावात हे फार सोयीचे, नकार चार लोकांत द्यावा लागत नाही. त्यासाठी दिवे मात्र भरपूर हवेत. मंद उजेडाची हौस केली की नजर दिसत नाही आणि नको त्या चर्चांनाही तोंड फुटते.

राहता राहिली जागा. वीस बाय तीस फुटांत दहा जोड्या मोकळेपणाने फिरतात, एवढा हॉल बहुतेक शाळांत असतो. अनुदान नको, नगर परिषदांनी आणि शिक्षणसंस्थांनी आपल्या सभागृहांना दिवसभराच्या भाड्याबरोबर तीन तासांचाही दर ठेवावा आणि वर्षभरासाठी एक वार लावून द्यावा. तुळशीच्या लग्नानंतर सभागृहांना लग्नांची मागणी असते, म्हणून शनिवार-रविवार मागू नये. मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ चालेल. मात्र गावाकडची शेवटची एसटी त्याआधी सुटत असेल, तर साडेपाचलाच सुरू करावे.

काही नृत्यशिक्षक, रत्नागिरी