नाताळच्या पानावर दोदोललाही जागा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर आला की मराठी वृत्तपत्रांत नाताळचा मजकूर येतो. चर्चची रोषणाई, गोठे, मध्यरात्रीची मिसा (सामूहिक प्रार्थना) आणि केकची एखादी कृती. दिवाळीत मात्र चकली का मोडते, अनारशाचे पीठ किती दिवस मुरवायचे, यावर पानेच्या पाने असतात. नाताळात आमच्या घरीही फराळच होतो. सीमाभागातल्या मराठी पेपरात त्याचा उल्लेखसुद्धा नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी बेळगावजवळच्या खानापूरची. माहेर आणि सासर दोन्ही कॅथलिक. माहेरी मराठी, तर सासूबाई गोव्याच्या, त्यामुळे घरात कोकणीही. दोदोल, म्हणजे नाताळातली मऊ गोड वडी, सासूबाईंकडून शिकले. तांदळाचे पीठ, नारळाचा रस, गूळ, वरून काजू, एवढेच सामान. पण ढवळताना हात थांबला की तळाला लागलेच. घरातली माणसे आळीपाळीने उलथणे हातात घेतात. सुरुवातीला ते पातळ पेजेसारखे असते, मग जड होत जाते, आणि शेवटी कडा सोडून गोळा फिरू लागतो व नारळाचे तेल सुटते. त्याच्या आधी उतरवले तर दोन दिवसांत वास येतो. सासूबाई माडाचा काळा गूळ घालत. आमच्या भागात ऊस पिकतो, म्हणून माझ्या आईचे दोदोल उसाच्या गुळाचे, रंगाने फिके. आता मी दोन्ही गूळ मिसळते आणि तेच आमच्या घरचे झाले आहे.

कुलकुल मुलांकडे. मैद्याची छोटी गोळी नव्या, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची आणि तळायची. हरभरा डाळीचे दोस, म्हणजे गोड वड्या, आणि नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या मात्र मोठ्यांनीच करायच्या.

केकला माझा विरोध नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या बेकरीत डिसेंबरमध्ये आम्हीही रांगेत उभे असतो. पण आमच्या गल्लीत जैन आहेत, लिंगायत आहेत, माळ घातलेले वारकरी आहेत. अंड्याचा केक त्या घरांत जात नाही. दोदोल जाते, दोस जातात, नेवऱ्या तर करंज्याच म्हणून खाल्ल्या जातात. दिवाळीत या सगळ्यांच्या घरून आमच्याकडे ताटे येतात. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत आहे, आणि नाताळात ती आम्ही याच पदार्थांवर पाळतो. शेजारच्या काकू तर दोस कधी होणार म्हणून आधीच विचारून जातात.

अलीकडे बऱ्याच घरांतून विकतचा केक आणि चॉकलेटची खोकी वाटली जातात. नोकरी करणाऱ्या मुलींना वेळ नाही, हे मी जाणते. त्यांना दोष देत नाही. पण ज्यांना करायचे आहे त्यांना मराठीत वाचायला काहीच मिळत नाही. मोबाईलवर सापडणाऱ्या कृती बहुतेक गोव्याच्या किंवा मंगळुरूच्या. खानापूर, लोंढा, बेळगावच्या घरांत हे कसे होते, ते कुठेच लिहिलेले नाही. ज्या बायकांना येते त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्यांनी मापे वहीत नाही, वाटीत ठेवली आहेत.

बेळगाव धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालचा चर्चचा विभाग) १९५३ मध्ये स्थापन झाला. ख्रिस्ती घरे त्याच्याही कितीतरी आधीपासून इथे आहेत. तेव्हा माझी विनंती अशी की यंदाच्या पुरवणीत या घरांत जाऊन म्हाताऱ्या बायकांना बोलते करा. सामानाची यादी छापाच, पण त्यासोबत कुठला गूळ, कुठला तांदूळ, कोणाच्या घरी काय पाठवायचे, हेही छापा. आणि कृपा करून ही पुरवणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढा. २४ तारखेला छापलेली दोदोलची कृती कोणाच्याच कामाची नाही. तोवर आमच्याकडे वड्या पाडून झालेल्या असतात.

आपली,
एक वाचक, खानापूर