दुष्काळी कामांचे हजेरीपट जपा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा आपल्या राज्यातले. आनंद मलाही झाला. मात्र त्या नोंदीत नुसते किल्ले नाहीत, ‘भूप्रदेश’ असा शब्द आहे. तोच धरून हे पत्र लिहिते आहे.

मी इतिहासाची प्राध्यापक. ग्रामीण दारिद्र्याचा इतिहास शोधत सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी माणदेशात हिंडते. इथल्या माळावर उभे राहिले की दिसते त्यातले बरेचसे दुष्काळाने घडवून घेतलेले आहे. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळी कामांतला. मग १९७२ चे पाझर तलाव, नालाबांध, खडीचे रस्ते. म्हाताऱ्या बायका बोट दाखवून सांगतात, “ह्या बांधाची माती आमच्या डोस्क्यावरनं आलीया.” मग एकेक निघते : मुकादमाची हजेरी, बाभळीला बांधलेली झोळी, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. कामावर खायला वाटल्या जाणाऱ्या सुकडीचे नाव काढले की आधी हसतात, मग गप्प होतात.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला याच दुष्काळात बळ मिळाले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २००५ मध्ये देशाने तो विचार उचलला. हे सगळे छापील मिळते. बांध कुणी घातला, ते मिळत नाही.

एका तहसील कचेरीत मी ७२ चे हजेरीपट मागितले. “मुदत संपली, नष्ट केले,” असे उत्तर आले. नियमाने केले असेल, तक्रार नाही. पण ज्याला जमीनच नव्हती त्याचे नाव सातबाऱ्यावर कुठून असणार? हजेरीपटावर ते होते. कामाचे दिवस, मजुरी आणि अंगठ्यासकट.

म्हणून विनंती एवढीच, की जिथे हे हजेरीपट आणि कामांची मोजमाप पुस्तके उरली असतील तिथे ती नष्ट करणे थांबवावे आणि पुराभिलेख संचालनालयाने ती ताब्यात घ्यावीत. सोबत त्या कामांवर राबलेल्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. तेव्हा विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. पुतळा, शिल्प वगैरे कृपया नको.

महसूल खात्याशी पत्रव्यवहार करावा लागेल, याची कल्पना आहे. तो पावसाळ्याआधी झाला तर बरे. दफ्तरखाने गळतात.

आपली,
इतिहासाची एक प्राध्यापक