मुख्यमंत्रिपद गेल्यानंतरचे लोथार श्पेट

पुणे

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. त्यातले एक विधान मला पटले नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. राजकारणी माणूस कंपनीच्या खुर्चीत बसला की कंपनी बुडालीच म्हणून समजावे, असे तू लिहितोस. आपल्याकडचे काही साखर कारखाने तुझ्या डोळ्यांसमोर असणार, आणि त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही. मात्र जर्मनीतल्या लोथार श्पेट यांची कारकीर्द तुझ्या विधानात बसत नाही.

श्पेट यांचा जन्म 1937 चा, झिग्मारिंगेनचा. विद्यापीठाची पायरी न चढता ते नगरपालिकेच्या प्रशासनात शिरले, बीटिगहाइमचे महापौर झाले आणि 1968 मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याच्या विधिमंडळात ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे आमदार म्हणून निवडून आले. आमदार असतानाच त्यांनी आधी एका गृहनिर्माण कंपनीत आणि नंतर एका बांधकाम कंपनीत वरिष्ठ पदे सांभाळली, म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवण्याची सवय जुनीच होती. 1978 मध्ये मुख्यमंत्री हान्स फिल्बिंगर यांना नाझी काळात नौदलाचे न्यायाधिकारी म्हणून केलेल्या कामावरून पद सोडावे लागले आणि चाळिशीतले श्पेट त्या जागी आले.

राजधानी स्टुटगार्ट, म्हणजे 1968 पासून मुंबईचे भगिनीशहर. या राज्याला डाइम्लर आणि बॉशसारखे उद्योग लाभलेले, तरी आहे ते पुरेसे आहे असे श्पेट यांनी कधी मानले नाही. संशोधन संस्था आणि छोटे कारखाने यांची सांगड घालणे, उद्योगपतींचा ताफा घेऊन परदेशी जाणे, कंपनीप्रमुखाला थेट फोन लावणे ही त्यांची कामाची रीत होती, आणि ‘क्लेव्हर्ले’, म्हणजे चलाख गडी, हे टोपणनाव त्यांना शोभून दिसे. लागोपाठ तीन निवडणुकांत त्यांनी पक्षाला विधिमंडळात स्वबळावर बहुमत मिळवून दिले. 1989 मध्ये ब्रेमेनच्या पक्ष अधिवेशनाच्या सुमारास तेव्हाचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांना पक्षाध्यक्षपदावरून हटवण्याचा घाट काही नेत्यांनी घातला, तेव्हा श्पेट यांचेच नाव पुढे होते. पण ऐन वेळी त्यांनी माघार घेतली आणि पक्षनेतृत्वातले स्थानही गमावले. मला हा त्यांचा सर्वांत दुबळा क्षण वाटतो.

पुढे जानेवारी 1991 मध्ये, त्यांच्या सहलींचा आणि विमानप्रवासांचा खर्च उद्योगांनी उचलल्याचे उघड झाल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. एजियन समुद्रातल्या नौकाविहाराची चर्चा विशेष झाली. सरकार आणि उद्योग यांच्यात जी रेघ हवी, ती त्यांना बहुधा दिसतच नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये हे गृहस्थ पूर्व जर्मनीतल्या येना शहरात जाऊन येनऑप्टिकचे, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी झाइस उद्योगाच्या वारसदार कंपनीचे, प्रमुख झाले. येना हे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कार्ल झाइस यांचे गाव. 1846 मध्ये त्यांनी तिथे कार्यशाळा काढली होती. 1945 मध्ये अमेरिकी सैन्याने झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले आणि त्यांतून ओबरकोखेन येथे दुसरे झाइस उभे राहिले. ओबरकोखेन बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येच येते. त्यामुळे कालपर्यंत ज्या राज्याचे ते मुख्यमंत्री होते, त्याच राज्यातल्या कंपनीसमोर येनाच्या बाजूने वाटाघाटीला बसण्याची वेळ श्पेट यांच्यावर आली. सूक्ष्मदर्शकांसारखा मूळ व्यवसाय आणि झाइस हे नाव ओबरकोखेनच्या नियंत्रणाखालच्या नव्या कंपनीकडे गेले. उरलेसुरले विभाग, रिकाम्या इमारती आणि जुनी देणी श्पेट यांच्या वाट्याला आली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सुमारे सोळा हजार कामगारांची नोकरी गेली. ज्या शहरात घरटी एक माणूस झाइसमध्ये, तिथे याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. शिवाय येनाच्या पुनर्रचनेसाठी सरकारी तिजोरीतून सुमारे 3.6 अब्ज मार्क उभे राहिले, तेव्हा केवळ व्यापारी हुशारीची ही कथा नव्हे. तो पैसा बॉन, बर्लिन आणि येनाच्या राज्याची राजधानी एरफुर्ट येथून काढून आणायला कोणाचे दार कधी ठोठवावे हे ठाऊक असलेला माणूस हवा होता. मुख्यमंत्रिपद ज्या ओळखींपायी गेले, त्याच ओळखी येनाच्या कामी आल्या. माझे म्हणणे एवढेच आहे.

त्यांनी 1994 मध्ये स्टुटगार्टची माइसनर अँड वुर्स्ट ही कंपनी घेतली, जी चिप कारखान्यांसाठी धूळविरहित कक्ष उभारत असे. येनऑप्टिकच्या उलाढालीला खरा फुगवटा तिने दिला. जून 1998 मध्ये येनऑप्टिक शेअर बाजारात आली. शहराच्या मध्यभागातला जुना मुख्य कारखाना पाडून वा बदलून तिथे बाजारपेठ आणि विद्यापीठाचे आवार झाले. तिथल्या एर्न्स्ट आबे चौकात अमेरिकी कलावंत फ्रँक स्टेला यांची वाकवलेल्या, पिळलेल्या पोलादाची अवाढव्य शिल्पे उभी आहेत. कारखान्याच्या जागेवर अशी शिल्पे मांडायला थोडा उर्मटपणा लागतो, पण तो मला आवडतो.

2002 मध्ये चॅन्सेलरपदाचे उमेदवार एडमुंड स्टॉयबर यांनी त्यांना अर्थव्यवस्था आणि रोजगार खात्याचे भावी मंत्री म्हणून पुढे केले. निवडणूक थोडक्यात हुकली आणि तो विषय संपला. 2003 मध्ये त्यांनी येनऑप्टिकचे प्रमुखपद सोडले. त्यानंतर काही वर्षांतच कंपनीने धूळविरहित कक्षांचा व्यवसाय विकून टाकला, आणि त्यांच्या काळातला सगळाच विस्तार टिकाऊ नव्हता असे म्हणायला तुला जागा मिळाली. तेवढी मी देतो. 2016 मध्ये श्पेट यांचे निधन झाले.

ब्रेमेनच्या त्या बंडातले कुर्ट बीडेनकोफ यांचा प्रवास तर उलटाही आहे आणि सुलटाही: आधी हेंकेल कंपनी, मग राजकारण, आणि 1990 पासून पूर्वेतल्याच सॅक्सनीचे मुख्यमंत्रिपद. त्यांच्याविषयी पुढच्या पत्रात लिहीन. तोवर तू मात्र तुझ्या विधानाला आधार म्हणून एक तरी नाव कळव, म्हणजे वादाला रंग येईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव